ओझे ज्याचे त्याचे, आणि एकमेकांचेही
ख्रिस्ती जीवनातील स्वावलंबनाचा विचार आणि कोल्हापूरचा अनुभव

स्वावलंबन हा शब्द कोल्हापूरकरांना समजावून सांगावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जागा दिल्या, अनुदाने दिली. मात्र ती चालविण्याची जबाबदारी त्या त्या समाजाच्या खांद्यावर ठेवली. याच जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली. घरोघरच्या मूठभर धान्यातून जमणारा मुष्टिफंड आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना हे या संस्थेच्या कार्याचे दोन भक्कम आधार ठरले. मदत घ्यावी, पण मदतीवर जगू नये, हा धडा या मातीत अशा रीतीने रुजला.

याच शहरात सुमारे पावणेदोनशे वर्षांपासून राहत असलेल्या ख्रिस्ती समाजानेही या प्रश्नाशी दीर्घकाळ झुंज दिली आहे. न्यू शाहूपुरीतील वायल्डर मेमोरियल चर्चवरून जाणाऱ्या अनेकांना या नावामागचा इतिहास ठाऊक नसतो. स्वावलंबन म्हणजे काय, ते कोणी कोणावर लादू शकतो काय आणि श्रद्धेच्या जीवनात व्यक्तीची जबाबदारी कोठे सुरू होते, या प्रश्नांवर ज्यांच्या हयातीत मोठा वाद झडला, त्या रॉयल वायल्डर यांचे ते नाव आहे.

दोन वाक्यांतील विरोध

या विषयाचे मूळ बायबलच्या नव्या करारातील एका छोट्या परिच्छेदात सापडते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात संत पौल प्रथम सांगतो, की श्रद्धावंतांनी परस्परांच्या ओझ्याला हात लावावा. त्यानंतर अवघ्या तीन वचनांनी तोच लेखक म्हणतो, की प्रत्येकाला आपला भार आपणच वाहावा लागेल. वरवर पाहता हा उघड विरोध आहे. परंतु मूळ ग्रीक भाषेत या दोन ठिकाणी दोन वेगळे शब्द योजले आहेत. पहिला शब्द आहे ‘बारोस’. माणसाला चिरडून टाकील असे वजन, असा त्याचा रोख आहे. दुसरा शब्द ‘फोर्तियॉन’. जहाजात भरलेला माल किंवा वाटसरूच्या पाठीवरचे गाठोडे यांसाठी तो वापरला जाई. आजार, दुष्काळ, वैधव्य, अन्याय ही पहिल्या प्रकारची ओझी होत. ती एकट्याने उचलण्याची अपेक्षा नाही. आपले काम, आपले वर्तन, आपल्या चुका व आपला निर्णय हे दुसऱ्या प्रकारचे गाठोडे आहे. ते दुसऱ्याच्या पाठीवर देता येत नाही.

शाहू मार्केट यार्डात हमालांचे काम पाहिलेल्या माणसाला हा फरक पटकन उमगेल. भरलेले पोते पाठीवर चढविण्यास दुसऱ्याचा हात लागतो. एकदा ते पाठीवर आले, की चालावे मात्र ज्याचे त्यालाच लागते. हात लावणाराच नसेल तर पोते जमिनीवर राहते; आणि हात लावणाऱ्यानेच ते शेवटपर्यंत वाहावे असे म्हटले, तर हमाली कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. ख्रिस्ती जीवनातील स्वावलंबनाची सारी चर्चा या दोन टोकांच्या मध्ये घडते.

पौलाचे स्वतःचे आचरणही असेच दुहेरी होते. तो तंबू बनविण्याचा धंदा करी. करिंथ शहरात तो अक्विल्ला व प्रिस्किल्ला या समव्यवसायी दांपत्याच्या घरी राहून काम करीत असे. धर्मसेवकाला मंडळीकडून उदरनिर्वाह मिळण्याचा हक्क आहे, हे त्याने आग्रहाने मांडले. पण करिंथमध्ये स्वतः तो हक्क बजावला नाही. दुसरीकडे, फिलिप्पै येथील मंडळीने पाठविलेली मदत त्याने आनंदाने स्वीकारली आणि तिच्याबद्दल कृतज्ञता लिहून ठेवली. काम करण्याची इच्छाच नसलेल्यांना त्याने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्रात कठोर शब्दांत खडसावले आहे. तेथे त्याचा रोख काम टाळणाऱ्यावर आहे. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही, त्याच्यावर नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

बोस्टनमधील तत्त्व, कोल्हापुरातील माणूस

रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये भारतात आले. काही वर्षे अहमदनगर येथे काम केल्यावर डिसेंबर १८५२ मध्ये ते कोल्हापुरात दाखल झाले. ज्या संस्थेने त्यांना पाठविले होते, त्या बोस्टन येथील ‘अमेरिकन बोर्डा’चे चिटणीस त्या वेळी रुफस अँडरसन हे होते. एकोणिसाव्या शतकातील मिशन कार्याच्या विचारावर अँडरसन यांचा आणि लंडन येथील चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचा खोल ठसा उमटलेला आहे. प्रत्येक देशातील मंडळी स्वतःच्या पैशावर उभी राहावी, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि आपल्या श्रद्धेचा प्रसारही स्वतःच करावा, असा त्रिसूत्री विचार या दोघांनी मांडला. परदेशी मिशनरी हा पाहुणा आहे. घर उभे राहिले की त्याने निघावे, हे त्यामागचे सूत्र होते.

१८५४-५५ मध्ये अँडरसन स्वतः पाहणीसाठी पश्चिम भारतात आले. गावोगावी लहान मंडळ्या स्थापाव्यात, त्यांना देशी पाळक द्यावेत, उपदेश लोकभाषेत व्हावा आणि मिशनचा पैसा इंग्रजी शाळांवर खर्च होऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. इंग्रजी शिकलेला तरुण गावात राहत नाही, तो सरकारी कचेरीकडे वळतो, हे त्यांचे निरीक्षण पूर्णतः चुकीचे म्हणता येणार नाही. वायल्डर यांचा भर मात्र शाळांवर होता. शिक्षणाशिवाय माणूस आपल्या पायावर उभा राहणार कसा, असा त्यांचा सवाल होता. हा वाद चिघळत गेला. १८५७ मध्ये वायल्डर मायदेशी गेले आणि पुढे बोर्डाने कोल्हापूरचे काम थांबविले. बोर्डाच्या धोरणावर टीका करणारे पुस्तक वायल्डर यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी कोणत्याही संस्थेच्या आधाराविना ते कोल्हापुरास परतले. मिळतील त्या देणग्यांवर त्यांनी सुमारे नऊ वर्षे काम चालविले. अखेर १८७० मध्ये हे कार्य अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मंडळाकडे सुपूर्द झाले.

या घटनाक्रमात एक विसंगती लपलेली आहे. स्थानिक लोकांनी आपला कारभार आपण पाहावा, हे तत्त्व ज्या कार्यालयाने जगाला दिले, त्याच कार्यालयाने हजारो मैलांवर बसून कोल्हापूरचा निर्णय घेतला. ज्यांना स्वावलंबी करावयाचे, त्यांच्या हाती त्या निर्णयाची दोरी नव्हती. दुसरीकडे, वायल्डर यांनी एकट्याच्या हिमतीवर काम तगवून दाखविले. पण एका माणसाचे खांदे कायम पुरत नाहीत, हेही १८७० ने सिद्ध केले. स्वावलंबन वरून आदेशाने येत नाही आणि एकटेपणानेही साधत नाही, असे या अठरा वर्षांच्या इतिहासातून दिसून येते.

आश्रयाची सावली

मग अवलंबित्व आले कोठून? त्याचे उत्तर केवळ आळसात शोधणे अन्यायाचे ठरेल. एकोणिसाव्या शतकात बाप्तिस्मा घेणाऱ्या माणसाला घर, नाते आणि पुष्कळदा पोटापाण्याचे साधनही गमवावे लागे. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये, असा कायदा ब्रिटिश मुलखात १८५० मध्ये झाला होता. पण कागदावरचा हक्क आणि पाणवठ्यावरचा हक्क यांत मोठे अंतर असते. जे लोक गावकीच्या कामांवर आणि त्यापोटी मिळणाऱ्या बलुत्यावर जगत होते, त्यांची तर नाळच तुटण्याचा धोका असे. अशा वेळी मिशनने घर दिले, शाळा दिली, शिक्षकाची, परिचारिकेची, बायबल शिकविणाऱ्या स्त्रीची नोकरी दिली. दुष्काळांत अनाथ झालेली मुले वसतिगृहांत आली. कोल्हापूरखेरीज पन्हाळा तालुक्यातील कोडोली, तसेच सांगली, मिरज येथे मिशनची केंद्रे उभी राहिली. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या रुग्णालयाने दक्षिण महाराष्ट्राला आधुनिक शस्त्रक्रियेची ओळख करून दिली, तर सांगलीच्या शाळेत मुलांना हातातले कसब आणि शेती शिकविली गेली.

ही सारी पहिल्या प्रकारची ओझी होती आणि ती उचलण्यास मदत मिळाली, हे योग्यच झाले. अडचण पुढे निर्माण झाली. नोकरी, निवास, शिक्षण आणि उपासना या चारही गोष्टी एकाच दारातून मिळू लागल्या, म्हणजे ते दार माय-बाप होते. पाळकाचा पगार परदेशातून येत असेल, तर पाळक उत्तरदायी कोणाला, मंडळीला की पगार देणाऱ्याला? आणि मंदिराचे छप्पर गळू लागले, की सभासदाच्या मनात ‘मी काय करू’ हा प्रश्न उमटण्याऐवजी ‘मिशन काय करणार’ हा प्रश्न उमटू लागतो. आश्रयाची सावली उन्हापासून वाचविते. पण तिच्याखाली रोप वाढत नाही.

हे त्या काळातही अनेकांना जाणवत होते. चीनमध्ये काम करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी जॉन नेव्हियस यांनी १८९० मध्ये कोरियाला भेट देऊन तेथील नवख्या सहकाऱ्यांपुढे आपली योजना मांडली. श्रद्धा स्वीकारणाऱ्याने आपल्या धंद्यातच राहावे, प्रसारकाला परदेशी पगार नसावा आणि प्रार्थनामंदिर लोकांना परवडेल तेवढेच बांधावे, असे तिचे स्वरूप होते. कोरियातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांनी ती अंगीकारली व त्या आपल्या पैशावर उभ्या राहिल्या. भारतात २५ डिसेंबर १९०५ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथे नॅशनल मिशनरी सोसायटीची स्थापना झाली. माणसे, पैसा आणि व्यवस्था ही तिन्ही भारतीयच असावीत, हा तिचा निर्धार होता. मिझोरममधील प्रेस्बिटेरियन स्त्रियांनी १९१० च्या सुमारास स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची प्रथा सुरू केली. कर्मवीरांच्या मुष्टिफंडाशी तिचे साम्य पाहून कोल्हापूरच्या वाचकाला निश्चितच कौतुक वाटेल.

केडगाव आणि अहमदनगर

मराठी ख्रिस्ती समाजात या विचाराची दोन ठळक उदाहरणे आहेत. पहिले पंडिता रमाबाईंचे. त्यांच्या शारदा सदनासाठी १८८७ मध्ये बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे कबूल केले होते. ही मुदत संपल्यावर काय, याचा विचार रमाबाईंनी मुदत संपण्यापूर्वीच केला. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. पुढे दुष्काळात आलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया याच भूमीवर मुक्ती मिशनमध्ये राहिल्या. विणकाम, तेलाचा घाणा, गुरांची देखभाल, छापखाना ही कामे तेथे स्त्रियांनीच केली. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलचे खिळेदेखील मुक्तीतल्या स्त्रियांनीच जुळविले. रमाबाईंनी देणग्या नाकारल्या नाहीत. त्या अखेरपर्यंत येत होत्या. परंतु देणगी घेणारा हात रिकामा बसणार नाही, याची व्यवस्था त्यांनी केली.

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन दशकांहून अधिक काळ सेवा केली. मात्र १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ हा आपला उपक्रम आरंभिला. ख्रिस्ताचे अनुयायित्व भारतीय वळणाने, भारतीय माणसांच्या जबाबदारीवर जगता यावे, ही त्यामागची तळमळ होती. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाल्यामुळे तो प्रयोग फार पुढे जाऊ शकला नाही. तरीही उतारवयात स्थिर सेवा सोडण्याचे धाडस हा मराठी ख्रिस्ती समाजाच्या आत्मपरीक्षणातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. टिळकांनी मिशनरी मित्रांशी वैर धरले नाही, हेही येथे नोंदविले पाहिजे. स्वावलंबनासाठी कृतघ्नतेची गरज नसते.

हिशोबाची वही

स्वातंत्र्यानंतर मिशनच्या संस्थांचा कारभार टप्प्याटप्प्याने भारतीय मंडळ्यांकडे आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. त्याच्या धर्मप्रांतांत कोल्हापूरचाही समावेश आहे. अँडरसन यांच्या त्रिसूत्रीतील ‘स्वतःचा कारभार’ हे सूत्र कागदावर तरी पूर्ण झाले. मात्र वारशाने आलेल्या जमिनी, शाळा आणि रुग्णालये सांभाळणे हे नवे ओझे होते. मिशनच्या मालमत्तांवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी वाद न्यायालयांपर्यंत गेले. पूर्वजांना मिळालेली मदत ही आपली कमाई नव्हे, ती ठेव आहे, ही जाणीव जेथे क्षीण झाली, तेथे असे तंटे वाढले.

परदेशी पैशाचा मार्गही आता पूर्वीसारखा सैल राहिलेला नाही. १९७६ चा विदेशी अंशदानविषयक कायदा जाऊन २०१० मध्ये नवा कायदा आला. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी केली आणि अशा निधीतून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. या तरतुदींबद्दल मतभेद आहेत आणि त्यांचा फटका प्रामाणिक सेवाकार्यालाही बसतो, अशी तक्रार आहे. कायद्याचे गुणदोष काहीही असोत, मंडळीपुढील प्रश्न त्याहून जुना आहे. उद्या बाहेरून एक रुपयाही आला नाही, तर आपल्या पाळकाचे वेतन, आपल्या मंदिराची डागडुजी आणि आपल्यातील विधवा, वृद्ध व आजारी यांची काळजी आपण घेऊ शकू काय?

या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या जुन्या प्रथा मराठी मंडळ्यांत आहेत. उत्पन्नाचा दशमांश देण्याची शिकवण आहे. हंगामाच्या सणाला शेतकरी सभासद धान्य, भाजी, गूळ, कोंबडी असे आपापल्या परीने आणतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो आणि रक्कम मंडळीच्या निधीत जमा होते. बाजारभावाहून चढ्या बोलीने एखादा भोपळा घेणारा गृहस्थ त्या भोपळ्याची किंमत मोजत नसतो, तर मंडळीतील आपला वाटा उचलत असतो. शिवाय सार्वजनिक न्यासांना १९५० च्या राज्य कायद्यानुसार हिशोब ठेवणे, ते तपासून घेणे व धर्मादाय कार्यालयास सादर करणे बंधनकारक आहे. वार्षिक सभेस उपस्थित राहणे, ताळेबंद वाचणे आणि शंका विचारणे हे कर्तव्य सभासदाने प्रार्थनेइतकेच गांभीर्याने घेतले पाहिजे. दान देऊन हिशोब न विचारणारा सभासद अर्धीच जबाबदारी पार पाडतो.

कृपा आणि कष्ट

येथे एक आक्षेप येऊ शकतो. तारण माणसाच्या कर्तबगारीने नव्हे, तर देवाच्या कृपेने मिळते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा, विशेषतः प्रॉटेस्टंट परंपरेचा गाभा आहे. मग स्वावलंबनाला जागा उरते कोठे? परंपरेचे उत्तर असे, की कृपा ही कष्टाची सुट्टी नव्हे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील दृष्टांतात धनी आपल्या तीन चाकरांना वेगवेगळ्या रकमा सोपवून परगावी जातो. ती रक्कम धन्याचीच आहे, चाकराने ती कमावलेली नाही. तरीही तिचे काय केले, याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. ज्याने भीतीपोटी ती पुरून ठेवली, त्याला दोष येतो. म्हणजे मिळाले ते कृपेने, आणि वापरावयाचे ते जबाबदारीने. व्यसनात बुडालेल्याने सैतानाकडे, कर्जात बुडालेल्याने नशिबाकडे आणि अभ्यास न केलेल्या विद्यार्थ्याने देवाच्या इच्छेकडे बोट दाखविणे या शिकवणीत बसत नाही.

परंतु हे तत्त्व दुबळ्याच्या तोंडावर फेकण्याचे हत्यारही नव्हे. कॅथलिक परंपरेत पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रात या प्रश्नाची दुसरी बाजू स्पष्ट केली. व्यक्ती किंवा लहान समूह जे स्वतः करू शकतात, ते मोठ्या संस्थेने त्यांच्याकडून काढून घेऊ नये. मोठ्याचे काम साहाय्य करण्याचे आहे, गिळंकृत करण्याचे नाही. या विचाराला दोन्ही बाजूंनी धार आहे. करू शकणाऱ्याचे काम हिरावू नये, आणि करू न शकणाऱ्याला ‘तुझे तू पाहा’ म्हणून सोडूही नये.

यातला फरक ओळखणे हीच खरी कसोटी आहे. मंडळीत एखादे कुटुंब अडचणीत आले, की दोन प्रश्न विचारावे लागतात. हे ओझे चिरडणारे आहे, की त्याच्या वाट्याचे गाठोडे आहे? आणि आपण हात लावल्याने तो चालू लागेल, की कायमचा बसेल? घरातील कर्ता गेला, दवाखान्याचे बिल आवाक्याबाहेर गेले, नोकरी गेली, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट असते आणि तेथे विलंब करणे हाच दोष. लग्नाच्या थाटामाटासाठी काढलेल्या कर्जाची गोष्ट वेगळी. अशा वेळी पैसे देण्यापेक्षा सोबत बसून घरखर्चाचा हिशोब मांडून देणे ही अधिक मोठी मदत ठरते. ती देण्यास वेळ लागतो, संकोच बाजूला ठेवावा लागतो आणि तिचा फलक कोठे लागत नाही. पैशाची थैली मोकळी करण्यापेक्षा ती कठीण असल्यामुळेच बहुधा ती दुर्मीळ आहे.